बटणं की काच

दिलीप, आपला वाद तू अर्धा टाकून गेलास. तुझं म्हणणं होतं, डोंगरात न्यायचं जीपीएस मशीन बटणांचंच हवं. माझं म्हणणं होतं, काचेचं; म्हणजे मोबाइलसारखं, पडद्यावर बोट फिरवून चालणारं. उन्हाळाभर आणि मग पावसाळाभर आपण यावर भांडलो. मखमलाबादला तुझ्या मळ्यात, रामशेज किल्ल्याच्या पायऱ्यांवर, फोनवर, आणि एकदा तर हॉस्पिटलात तुझ्या तपासणीच्या रांगेत. तू गेलास त्याला महिना होत आला. वादाचा निकाल लागला आहे. तो तुला कळवणं माझं काम, कारण दुसऱ्या कोणाला त्यात एवढा रस नव्हता.

तुझं वय, गाव, मागे कोण कोण आहे, हे सगळं छापून आलं. डेस्कवर ती बातमी माझ्याच हाताखालून गेली. 'प्रगतिशील फूल उत्पादक शेतकरी आणि गिर्यारोहणप्रेमी' असं लिहून आलं होतं. 'प्रगतिशील' मी काढलं. 'गिर्यारोहणप्रेमी' राहू दिलं, ओळ भरायची होती. त्या बातमीत मशीन कुठेच नाही, आणि तुझं शेवटचं वर्ष तर मशीनचंच होतं.

तुला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांना ते ठाऊक नाही. दर रविवारी डोंगरात जाणारे आपण सहाजण. पुढे मी, शेवटी तू, मधे बाकीचे. पुढच्याने फाट्यावर थांबायचं आणि शेवटचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. शेवटच्याने एवढंच बघायचं, की आपल्या मागे कोणी उरलेलं नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं. मला वर पोचायची घाई आणि तुला कशाचीच नाही, एवढ्यावरून ते पडत गेलं. त्यामुळे इतक्या वर्षांत चढताना आपण एकमेकांशी बोललोच नाही. आपलं बोलणं खिंडीत सुरू व्हायचं, तू सावकाश वर येऊन "काय संपादक, पळून दमले का?" असं म्हटल्यावर. मी संपादक नाही, उपसंपादक आहे, हे तुला किती वेळा सांगितलं. तू म्हणायचास, झेंडू काय आणि गोंडा काय, देवाला सारखंच.

मशीनचं वेड लागलं ते मागच्या श्रावणात. हरसूलच्या अलीकडच्या त्या पठारावर धुकं उतरलं आणि हाताच्या अंतरापलीकडचं दिसेनासं झालं. माझ्या मोबाइलमध्ये नकाशाचं ॲप होतं. रेंज गेल्यावर नकाशा पांढरा पडला, नुसता निळा ठिपका उरला. मी त्या ठिपक्यावर विसंबून पुढे चालत राहिलो. बऱ्याच वेळाने आपण एका करवंदीच्या जाळीपाशी आलो, आणि मागून तुझा शांत आवाज आला, "संपादक, ही जाळी मघाशीच बघितली. हिला माझ्या रुमालाचा धागा लागलाय." सगळे हसले. मीही हसलो. धुकं फाटल्यावर दिसलं की आपण पठाराला पूर्ण फेरी मारली होती.

परतताना गाडीत तू पुढच्या सीटवर वळून बसला होतास आणि तुझे डोळे चमकत होते. फक्त डोंगरासाठीच बनवलेलं मशीन मिळतं, हे तू कुठेतरी पाहिलं होतंस. पाण्यात पडलं तरी चालतं, आपटलं तरी चालतं, रेंज लागत नाही, आकाश दिसलं की झालं. "असं मशीन आपल्याकडं पायजे," तू म्हणालास, "लय दिवस पायजे होतं. आपल्याला ठाऊक नव्हतं एवढंच."

मग हिवाळ्यात फूलबाजारात तुझ्या छातीत दुखलं. हृदयाच्या नळीत स्टेंट बसला. डॉक्टरांनी काही महिन्यांनी सावकाश चढायला परवानगी दिली, पण डोंगराची खरी परवानगी त्यांच्या हातात नव्हतीच. ती तुझ्या घरी, मंगलावहिनींच्या हातात होती. वहिनींनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "जायचं तर जा. पण तुम्ही कुठे आहात ते मला कळलं पाहिजे."

इथून मशीन हौसेचं राहिलं नाही. ते मिळालं तर तुझा डोंगर राहणार होता, नाहीतर नाही.

आणि तरी, दिलीप, काय मजा आली. मी बातमीदारीत आणि डेस्कवर आयुष्य काढलं आहे. उत्साह हा शब्द मी इतरांच्या मजकुरातून कापत आलो. पण त्या उन्हाळ्यात मी ऑफिसला जाण्याआधी तुझ्याकडे येत होतो, ते उत्साहानेच. दोन मशीनं उसनी मिळवली होती. बटणांचं एका सर्व्हे करणाऱ्या मित्राकडून, काचेचं एका सायकलवाल्या डॉक्टरांकडून. ती दोन्ही तू झेंडूच्या क्रेटवर शेजारी शेजारी ठेवायचास, स्थळ बघायला आलेल्यांसमोर चहाचे कप ठेवावेत तशी, आणि आपण समोर बसायचो.

मी माझ्या सवयीने प्रश्न विचारत गेलो. बॅटरी किती चालते आणि संपली तर काय? बटणवाल्यात साध्या पेन्सिल सेलवर काम भागत होतं, जे हरसूलच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. काचवाल्याची बॅटरी आतली, जास्त टिकणारी, पण संपली की संपली. दरीत, कड्याखाली, दाट झाडीत ते किती चुकतं? काचवालं दोन वेगवेगळ्या लहरींवर उपग्रह पकडत होतं, त्यामुळे कड्याखालीही आपली जागा जवळपास बरोबर दाखवत होतं. बटणवालं कड्याजवळ गेलं की आपल्याला दरीत उभं करायचं. उंची कशावरून सांगतं? हवेच्या दाबावरून. मग सकाळी ज्या जागेची उंची माहीत आहे तिथे ते लावून घ्यावं लागतं, नाहीतर ढग आले की डोंगर वाढतो. हे वाचल्यावर तू रामशेजच्या पायथ्याला आणि माथ्यावर, ऊन असताना आणि आभाळ भरून आल्यावर, पुन्हा पुन्हा उंची बघितलीस, आणि एका संध्याकाळी मला फोन करून कळवलंस की रामशेज आज सकाळपेक्षा मोठा झालाय.

तुला मशीनमधली प्रत्येक सोय हवी होती. चंद्र कधी उगवतो ते. सूर्य कधी मावळतो ते. मासे कोणत्या वेळी गळाला लागतील हेसुद्धा त्यात होतं, आणि तू माळकरी नसलास तरी मासे खात नव्हतास. पण ते रोज बघायचास. "आज मासे चांगले हायेत," असं म्हणून तू कात्री घेऊन झेंडूत शिरायचास. एक सोय जमीन मोजायची होती. मशीन हातात धरून शेताच्या कडेने फेरी मारायची, क्षेत्रफळ पडद्यावर येतं. तू तुकड्याभोवती तीनदा फिरलास आणि तीन वेगवेगळी उत्तरं आणलीस. मला वाटलं तू निराश होशील. तू म्हणालास, "चांगलं हाय. माझ्या आज्यापासून हा तुकडा कुणालाच एकसारखा मोजता आला नाय."

पण काच तुझ्या बोटांना ओळखत नव्हती. हा तुझा मुख्य मुद्दा. वर्षानुवर्षं फुलं खुडून, गुलाबाचे काटे काढून तुझ्या बोटांची टोकं जाड झाली होती. तू पडद्यावर बोट टेकवलंस की काही होत नसे, पुन्हा टेकवलंस की भलतंच उघडे. ओल्या हाताने तर काच वेड्यासारखी वागायची. "मला माणूस मानत नाय ते," तू म्हणायचास. मी म्हणायचो, नकाशा मोठा दिसतो, बोटाने सरकवता येतो, पुढे काय आहे ते बघता येतं. तू म्हणायचास, पुढे काय हाय ते बघून करायचं काय, मी तर शेवटी असतो.

तेव्हा मला हे नुसतं चिडवणं वाटलं. आता वाटतं, सगळा वाद त्यातच होता. पुढच्याला कुठे जायचं ते हवं असतं. शेवटच्याला आपण कुठून आलो ते हवं असतं. मी नकाशा बघून मशीन निवडत होतो. तू रेघ बघून निवडत होतास. आपण चाललो ती वाट मशीन मागे आखत जातं, ती रेघ. बटणवाल्यात ती एक बटण दाबलं की समोर यायची.

वहिनींचं समाधान करणारी सोय मात्र तिसऱ्याच मशीनमध्ये होती. ते उपग्रहामार्फत निरोप पाठवत होतं. मोबाइलला रेंज नसली तरी डोंगरावरून घरी दोन शब्द पोचवणार. हे तू इंटरनेटवर बघितलंस आणि माझी वाट न बघता वहिनींना सांगून मोकळा झालास. कुठूनही निरोप येईल म्हणालास. वहिनींनी लगेच विचारलं, आपल्याकडून उलटा पाठवता येतो का. येतो म्हणालास. त्या दिवशी तुझ्या घरी शिरा झाला होता, मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी तपासलं. असलं उपकरण आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही. ते जवळ बाळगल्यामुळे विमानतळावर अडकलेल्या परदेशी पर्यटकांच्या बातम्या मी स्वतः पानात लावल्या होत्या. वाचल्या होत्या, पण आपल्याशी जोडल्या नव्हत्या. तुला सांगितलं तेव्हा तू हातातली कात्री क्रेटवर ठेवलीस. मग म्हणालास, "आता तिला सांगायचं म्हणजे डोंगर बंद." मी म्हटलं, मी सांगतो. तू म्हणालास नको, शिरा माझ्यामुळं झाला होता.

तू सांगितलंस तेव्हा मी तिथेच होतो. वहिनी लसूण सोलत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा मला त्यांच्या वडिलांबद्दल कळलं. वहिनी मनमाडच्या. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड. गाडी कधी पोचेल याचा नेम नसायचा. "गाडी सुटली की कळायचं, आली की कळायचं," वहिनी म्हणाल्या, "मधलं कोणी सांगत नाही." म्हणून त्यांच्या घरी एक रीत होती. वडील परत आले की जेवताना सगळे थांबे सांगायचे. लासलगावला इतका वेळ, निफाडच्या बाहेर सिग्नल नव्हता, ओढा स्टेशनात पुढे दुसरी गाडी उभी होती. आई वाढता वाढता ऐकायची. सगळे थांबे सांगून झाले की ती स्वतःचं ताट घ्यायची.

"मला डोंगरावरून निरोप नको," वहिनी तुला म्हणाल्या. "घरी आल्यावर थांबे सांगा. सगळे. मशीन रेघ काढतं म्हणता ना, ती दाखवा."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू तुला पठारावरचं धुकं फाटताना दिसलं. रेघ हीच तर तुझी सोय होती. काचवाल्याचा नकाशा, त्याच्या दोन लहरी, सगळं बाजूला पडलं. वादात तू त्या क्षणी पुढे होतास, हे मी नोंदवतो.

पहिला रविवार भाद्रपदाच्या शेवटी ठरला, हरसूलच्या अलीकडचाच डोंगर. दसरा जवळ आला होता, झेंडूच्या कामात मरायची फुरसत नव्हती, तरी वहिनी म्हणाल्या जा. बटणांचं उसनं मशीन तुझ्या गळ्यात. मी सुचवलं की या वेळी मधे चाल. तू ऐकलं नाहीस. सगळीकडे सोनकी फुललेली, उतार पिवळे. मी नेहमीप्रमाणे पुढे गेलो. खिंडीत पोचून थांबलो. एकेक जण आला. तू आला नाहीस.

मी खाली निघणार होतो तेवढ्यात तुझी टोपी दिसली. वर आलास ते हातात सोनकीची जुडी घेऊन. चेहरा घामाने भिजलेला, पण आमचे कोणाचे कोरडे होते? "फुलं बघत होतो," तू म्हणालास. "संपादक, असा पिवळा माझ्या झेंडूला येत नाय." मग आपण पलीकडे उतरलो, हरसूलला चहा घेतला आणि घरी आलो.

संध्याकाळी तुझ्या ओट्यावर मी लॅपटॉप उघडला आणि मशीनमधली रेघ वहिनींना दाखवली. त्या खुर्ची ओढून बसल्या. प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून विचारत होत्या. इथे? पाणी प्यायलो. इथे? एकाच्या बुटाची नाडी. फाईलमधल्या वेळा बघून आपण खूप हसलो, कारण त्यांच्यावरून आपण पहाट व्हायच्या आत डोंगर चढून मोकळे झालो होतो. मशीन फाईलमध्ये जागतिक वेळ लिहितं, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मला ते माहीत होतं. मी ते बदलून दाखवायचा कंटाळा केला, आणि वेळेकडे कोणी पुन्हा बघितलं नाही.

मग वहिनींचं बोट त्या चढावर आलं. तिथे रेघेचा गुंता झाला होता, दोऱ्याची गाठ बसावी तसा. माणूस एका जागी बराच वेळ बसला की मशीनची रेघ अशी घुटमळते.

"इथे?"

"सोनकी फुलली होती."

"एवढा वेळ?"

"लय फुलली होती."

वहिनी तुझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी तुम्ही मधे चालायचं. तू म्हणालास, शेवटचा तो शेवटचा. दोघांचा आवाज चढला नाही, पण भाकऱ्या जरा जोरात थापल्या गेल्या. मी घरी आलो तेव्हा हा नवा वादही बाकी होता.

पुढच्या वेळेचा रविवार आला नाही. दसऱ्याची गर्दी संपली आणि एका सकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये क्रेटवर बसल्या बसल्या तू गेलास. मी डॉक्टरांना भेटून विचारलं. ते म्हणाले, त्या चढण्याचा याच्याशी संबंध लावता येत नाही. 'लावता येत नाही' आणि 'नाही' यांतला फरक मला व्यवसायामुळे कळतो. मी पुढे विचारलं नाही.

तुझे दिवस झाल्यानंतर वहिनींचा फोन आला. बोलणं अगदी कामाचं होतं. त्यांना माझ्याकडून एक माहिती हवी होती. त्या रविवारी हरसूलला आपण चहा किती वाजता घेतला? मी आठवून सांगितलं, दुपार बरीच उलटल्यावर. त्यांनी वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांचा मला फोन आला होता. हरसूलला उतरलोय, चहा घेतोय, म्हणाले. फोनमध्ये वेळ आहे, भाऊजी. ती दुपारच्या आधीची आहे."

मी फाईल उघडली. वेळांमध्ये साडेपाच तास मिळवले. वहिनींना फोन आला त्या वेळी तू हरसूलला नव्हतास. तू त्या गाठीत होतास, चढाच्या मधोमध.

फक्त एक अडचण होती. त्या डोंगरावर रेंज नाही. आपण इतक्या वर्षांत ते गृहीत धरलं होतं. मी तसं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कुठे असता? पुढे. तिथे नसेल." आणि मग, "मला ती जागा बघायची आहे. मशीन घेऊ."

उसनी मशीनं परत गेली होती, म्हणून आम्ही कॉलेज रोडच्या एका दुकानात गेलो. विकणाऱ्याने दोन्ही प्रकार काउंटरवर ठेवले. मी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडल्या, तुझी आधी. बोटांचा मुद्दाही सांगितला. वहिनींनी काचवालं हातात घेतलं. त्यांची बोटं तुझ्याइतकीच झेंडूत गेलेली, टोकं तशीच. त्यांनी पडद्यावर नुसतं बोट फिरवलं. नकाशा हलला. पुन्हा फिरवलं, पुन्हा हलला. त्या माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या.

"दाबत असतील," त्या म्हणाल्या. "सगळं दाबूनच करायचे. आमच्या नळाचे वायसर दर महिन्याला बदलावे लागायचे."

तर दिलीप, निकाल असा आहे. काच तुला माणूस मानत होती. तू तिला बटण मानत होतास. वाद मी जिंकलो, आणि हे मी तुला खिंडीत उभं राहून, सगळ्यांच्या समोर सांगायला काय नसतं दिलं.

मी विजयी चेहऱ्याने विकणाऱ्याला काचवालं बांधायला सांगणार होतो. वहिनी म्हणाल्या, "बरोबर तुमचंच आहे भाऊजी. पण हे बटणांचं द्या." मी कारण विचारलं. त्यांनी एक बटण दाबून बघितलं. "हे दाबलं की दाबलं म्हणून कळतं," म्हणाल्या. दुकानदाराने मान डोलवली. मी काचवालं काउंटरवर मागे सरकवलं.

मागच्या रविवारी आम्ही गेलो. आपले बाकीचेही येणार म्हणाले होते, वहिनींनी नको म्हटलं. तुझ्या त्या दिवसाची रेघ मी नव्या मशीनमध्ये घालून दिली होती. रस्ताभर त्या बटणं दाबत होत्या. चंद्र कधी उगवणार ते त्यांनी मला त्र्यंबकच्या आधीच सांगितलं. डोंगराला लागल्यावर मशीन त्यांच्या हातात, आणि मला हुकूम येत होते: थोडं डावीकडे, ते इथून गेले होते, थांबा, इथे ते पाणी प्यायले. मी आयुष्यात पहिल्यांदा पुढे असून मागच्याच्या सांगण्यावर चालत होतो. खोटं कशाला, मला फार बरं वाटत होतं. आपण जे मशीन इतके महिने शोधत होतो ते नेमकं असं चालताना बघणं, ही तुझीच हौस होती आणि ती मी एकटा बघत होतो.

चढाच्या मधोमध, गाठीच्या जागी मी लावून ठेवलेल्या खुणेवर, मशीन वाजलं. तिथे वाट एका कपारीला वळसा घालते. एक सपाट दगड आहे. सोनकी वाळून गेली होती, पण तिच्या काड्या उतारभर उभ्या होत्या, म्हणजे तेवढं तू खरं सांगितलं होतंस. आणि त्या वळणावरून, दोन डोंगरांच्या फटीतून, खाली लांबवर हरसूलच्या बाजूचा टॉवर दिसत होता.

वहिनींनी मोबाइल बाहेर काढला. मी माझ्या फोनवरून त्यांना लावला. दोन पावलांवर उभ्या असलेल्या वहिनींचा फोन वाजला.

"लागतो," मी म्हटलं.

त्या दगडावर बसल्या. फोन बराच वेळ वाजत राहिला, मी बंद केला. मग त्या फोनवर तू काय बोललास ते त्यांनी सांगितलं. तू विचारलंस, काय करतेस? त्या म्हणाल्या, टेम्पो दारात उभा आहे, फुलं भरतेय, तुम्ही कुठे? तू म्हणालास हरसूलला, चहा घेतोय. तू आणखी काही बोलणार आहेस असं त्यांना वाटलं, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "मी म्हटलं, ठेवू का? ते म्हणाले, ठेव, ठेव. मी हाय."

वारा होता. खाली पाड्यात कोणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

दिलीप, तिथे बसून तुला किती धाप लागली होती, हे मला कधीच कळणार नाही. निरोपाचं मशीन मिळालं नाही म्हणून तू हळहळलास, आणि रेंज असलेलं एकुलतं एक वळण तर तू शेवटी चालता चालता शोधून ठेवलं होतंस. कधीपासून, तेही कळणार नाही. आमच्यापैकी कोणाला हाक मारली नाहीस. तिला मारलीस, आणि खोटी जागा सांगितलीस.

वहिनींनी डोळे पुसले आणि मशीन माझ्यापुढे धरलं. फोन किती वेळाचा होता ते त्यांना पाठ होतं, अगदी थोडा. गाठ त्याहून खूप मोठी होती. "म्हणजे ठेवल्यावर पण बसले होते," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

"मग?"

मी त्यांना रेघ दाखवली. गाठीतून दोन वाटा निघू शकत होत्या. खालचा पाडा समोर दिसत होता, उतार सोपा, रस्ता लागला की हरसूलची जीप. वर खिंडीपर्यंतचा चढ सगळ्यात वाईट. रेघ वर गेली होती. आधी अगदी हळू, ठिपक्याला ठिपका चिकटलेला, आणि नंतर जरा मोकळी.

वहिनी त्या ठिपक्यांकडे कितीतरी वेळ बघत होत्या. मग वर खिंडीकडे बघितलं.

"तुम्ही वर वाट बघत होतात?"

"हो. सगळेच."

"लबाड माणूस," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता, आणि राग पुरता संपायच्या आत त्या हसल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला. मी म्हटलं, वहिनी, इथूनच उतरू, पुढचा चढ फार आहे. त्यांनी ऐकलं नाही. वाटेवरून मला बाजूला करून त्या पुढे झाल्या, आणि मशीनवर नजर ठेवून चढायला लागल्या, ठिपक्यावर ठिपका, तू गेलास तितक्याच हळू. त्यांच्या मागे कोणीतरी असणं भाग होतं. मी शेवटी चाललो.